घ-चार, बासष्ट सेंटिमीटर

ओहोटी पाच वाजून दहा मिनिटांनी लागली.
हसुराम मढवीने होडी तिवरांच्या कडेला घुसवली
आणि मी मांडीपर्यंत घणसोलीत उतरले.

नळी आत जाते तेव्हा चिखल आधी नाही म्हणतो,
मग एकदम घेतो.
उपसताना आवाज होतो, डबक्यातून म्हैस उठावी तसा.
एक मीटर काळोख, प्लास्टिकच्या नळीत.
वर चिठ्ठी : घ-चार.

प्रयोगशाळेत त्याचे मी काप करते
कोथिंबीर-वडीचा उंडा कापावा तसे,
वाळवते, चाळते,
सोड्याच्या पाण्यात पंच्याऐंशी अंशांवर पाच तास ठेवते.
दगडाची वाळू तळाशी बसून राहते, तिला घाई नाही.
जी काच कुणीतरी जगताना केली
तीच विरघळते.
मग थेंब टाकायचे, थांबायचं.
निळं आलं की समजायचं, इथे कोणी होतं.

बहुतेक निळं डायटमचं.
केसाच्या जाडीत चार-सहा मावतील अशा डब्या,
झाकणासकट, जाळी कोरलेल्या,
खाडीतली काच पिऊन बांधलेल्या.
मेल्यावर घर तसंच टाकून जातात, पागडी नाही काही नाही.
थोडं स्पंजांच्या सुयांचं.
लव्हाळ्याच्या मुळांशी जास्त,
मधल्या धारेत, जिथे पाणी काही टिकू देत नाही, तिथे कमी.
रबाळ्याच्या नाल्यापाशी आकडे वेडेवाकडे येतात,
ते मी अजून कोणाला बोललेले नाही.

खोल जाताना निळं फिकं व्हायला हवं.
झालंही. चाळीसला फिकं,
पन्नासला नुसता भास.
बासष्टला गडद.

परीक्षानळी नीट धुतली नसेल म्हणून पुन्हा केलं.
पुन्हा गडद.
मग काचपट्टीवर थेंब घेऊन वाकले :
डब्या जवळजवळ नाहीत.
पंखे होते, डमरू होते,
आणि दोन-दोन शिंगांची, तुसाची कातडी.
भात.

हसुरामला मोबाइलवर फोटो दाखवला.
त्याने तो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला,
इतका की पडद्यावर नुसतं राखाडी उरलं.
"यो रता," तो म्हणाला. "लाल. खाऱ्या पान्याला नाय भ्यायचा."
आणि करंगळी पुढे केली.
आतल्या बाजूला पांढरी रेघ, पोरवयातली.
"विळ्यानं नाय. पातीनं."

पातीला धार कशाची असते
हे मी परीक्षेत लिहिलंय, पाच गुणांसाठी.

बांध कुठून जायचा ते त्याने वल्ह्याने दाखवलं.
संध्याकाळी ज्याच्या काचा पेटतात
त्या टॉवरच्या अलीकडून, वाकडा,
उघाडी तिथे, जिथे आता बगळा उभा होता.
संपादनाच्या नोटिसा आल्या त्या साली
बांधावर कुणी मातीच टाकली नाही.
उधाण आत आलं, आणि राहिलं.

"किती निंगाला?" त्याने विचारलं.
ग्रॅममागे एकवीस मिलिग्रॅम, मी म्हणाले.
"खंडीत सांग."

मी वहीच्या मागच्या पानावर मांडायला बसले :
कापाचं वजन, नळीचा घेर,
बांधापासून उघाडीपर्यंतची वल्ही,
तुसात काच किती, तुसाआड दाणा किती,
आणि तुकडा-कण्या कोंबड्यांनी खाल्ल्या त्या वेगळ्या.
आकडा येईना. आला तो पटेना.
शिवाय हे कसं सांगायचं की
जेवढं मोजलं तेवढं मोजण्यासाठीच विरघळवलं,
बासष्टचा तो काप आता कुठेच नाही.

अहवालात एक रकाना असतो : स्रोत.
त्यात मी "स्थलीय, गवतवर्गीय" असं लिहिलं.
चूक नाही ते.
सरांनी सही केली.

पुढच्या अमावस्येला पुन्हा गेलो, घ-पाचसाठी.
परतताना वल्हं मारता मारता,
माझ्याकडे न बघता, हसुराम म्हणाला,
"बरं, खंडी ऱ्हाऊं दे.
पायलीत सांग."